बादशाहाची शिकार आणि भोयाचे पाय

मी दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला. उजवा पाय गुडघ्याखाली वाळला. पुढे कॅलिपर आला, मग काठी आली, आणि आता चाळिशी उलटल्यावर दोन्ही आहेत. सातवीत असताना इतिहासाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर ‘तैमूरलंग’ हा शब्द लिहिला. ‘लंग म्हणजे लंगडा’ असा अर्थ सांगितला. अख्ख्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे पाहिले. गुरुजींनाही हसू आवरले नाही. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तेच माझे नाव झाले.

घरी येऊन मी अब्बांना सांगितले. अब्बा शिवणयंत्रावर बसले होते. यंत्र न थांबवता म्हणाले, ‘‘अरे, चिडतो कशाला? त्याच लंगड्याच्या औलादीने हिंदुस्थानवर राज्य केलं.’’ मला बरे वाटले. पुढची कित्येक वर्षे मी या एका वाक्यावर काढली. कुणी पायावरून बोलले की मी मनात म्हणे, तैमूरचाही उजवाच पाय होता. १९४१ च्या जूनमध्ये समरकंदला सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्हने तैमूरची कबर उघडली, तेव्हा सांगाड्याचा उजवा पाय आणि उजवा हात अधू असल्याचे दिसले, हे मी कॉलेजात असताना वाचले. त्या दिवशी मला एखादा नातेवाईक सापडल्यासारखा आनंद झाला होता.

हा लेख त्या नात्याबद्दल आहे. ते नाते मी कसे जोडले होते, आणि एका शिकारीच्या हकीकतीने ते कसे तोडले, एवढेच सांगायचे आहे. शिकार हरणांची आहे, तीही माजाच्या दिवसांतल्या नरांची.

मराठीत ‘माज’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जनावर माजावर येते, आणि माणसाला माज चढतो. उर्दू-फारसीत ‘मस्ती’चे तसेच आहे. हत्ती मस्तीत येतो, आणि माणूसही मस्तवाल होतो. काळवीट माजावर आले म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात हे सांगावे लागत नाही. नर काळाभोर होतो. माळावरचा एक तुकडा तो आपला ठरवतो. ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करतो, डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव काडीकाटक्यांना घासतो, आणि त्या हद्दीत मान मागे टाकून, नाक वर करून, पिळदार शिंगे पाठीवर टेकवून मिरवतो. दुसरा नर हद्दीत आला की संपले. एरवी माणसाची चाहूल लागताच उधळणारे हे जनावर त्या वेळी समोरच्या शिंगांपलीकडे काही पाहत नाही. हा हंगाम वर्षभर थोडाफार चालूच असतो, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा पावसाळा सरताना त्याला जोर येतो.

नेमके हेच आंधळेपण मोगलांच्या एका शिकारीचे भांडवल होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिचे वर्णन केले आहे. एक माणसाळलेला नर घ्यायचा. त्याच्या शिंगांना जाळे किंवा फास बांधायचा आणि त्याला रानातल्या नराच्या समोर सोडायचा. रानातला नर त्याला आपल्या हद्दीतला घुसखोर समजतो आणि अंगावर येतो. शिंगाला शिंग भिडते. झटापटीत रानातल्याचे शिंग, कधी पाय, कधी कान त्या फासात अडकतो. मग आडोशाला दबा धरून बसलेले लोक धावत येतात आणि त्याला पकडतात. जाळे तुटले किंवा पाळीव नर दमला तर तो गुमान आपल्या रखवालदाराकडे परत येतो, इतकी त्याची तालीम झालेली असे.

या शिकारीत मला नेहमी एक गोष्ट खटकते आणि तीच आकर्षितही करते. इथे शिकाऱ्याला पळावे लागत नाही. घोड्यावर बसण्याचीही गरज नाही. माझ्यासारखा काठीवाला माणूसही ही शिकार करू शकला असता. पळणे, झुंजणे, जखमी होणे हे सगळे दुसऱ्याच्या वाट्याला. पाळीव हरणाच्या, रानातल्या हरणाच्या आणि झुडपामागे बसलेल्या माणसांच्या.

आपल्याकडे फास लावून हरणे धरणारे लोक होतेच. फासेपारधी हे नावच त्यातून आले. पण बादशाहाचा फास ‘आईन’मध्ये नोंदला गेला, आणि पारध्यांची नोंद १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या यादीत झाली. यादी १९५२ साली रद्द झाली. शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

माजावरच्या हरणाने एकदा खुद्द अकबराला आडवे केले होते. राज्यारोहणाच्या ४१ व्या वर्षाची, म्हणजे १५९६ च्या सुमाराची गोष्ट. दरबार तेव्हा लाहोरला होता. हरणांच्या झुंजी लावण्याचा शौक जोरात होता, त्यावर पैजाही लागत. अशीच एक झुंज पाहत असताना एक नर अकबरावर चालून गेला आणि त्याचे शिंग बादशाहाच्या वृषणाला लागले. जखम सुजली, अकबर कितीतरी दिवस अंथरुणाला खिळला. शेख बीना आणि त्याचा मुलगा हसन, जो पुढे मुकर्रबखान म्हणून प्रसिद्ध झाला, या दोघांनी केलेल्या उपचारांनी तो बरा झाला. त्या दिवसांत मलमपट्टीची सेवा अबुल फजलनेही केली. ज्या लेखणीने हरणाच्या फासाचे वर्णन केले, तीच लेखणी बादशाहाच्या जखमेची हकीकतही सांगते, आणि न लाजता सांगते. बादशाहाचे दुखणे हा इतिहास असतो.

अकबराचा मुलगा जहाँगीर शिकारीच्या बाबतीत बापाच्या दोन पावले पुढे गेला. त्याने आत्मचरित्र लिहिले, ‘तुझुक-ए-जहाँगिरी’. मी ते उर्दू तर्जुम्यातून वाचले. इतके मोकळे आत्मचरित्र लिहिणारा राजा विरळा. आपण किती दारू पितो, अफू किती घेतो, कुठल्या आंब्याची चव कशी, सारस पक्ष्याची जोडी कशी वागते, सगळे त्यात आहे. शिकारीचा हिशेबही आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्याच्या अकराव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे-पाखरे मारली गेली. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. कारकुनांना बसवून हा आकडा काढला होता.

हाच माणूस एका हरणासाठी रडलाही. मनसराज नावाचा त्याचा लाडका काळवीट होता. रानातून धरून आणलेला, माणसाळलेला, झुंजीत आणि रानातले नर पकडण्यात ज्याला जोड नव्हती असा. म्हणजे तोच, शिंगाला फास बांधून सोडायचा नर. तो मेला तेव्हा जहाँगीरने त्याच्या कबरीवर मिनार उभा करवला, हरणाच्या आकाराचा दगड बसवला, मुल्ला मुहम्मद हुसेन काश्मिरीकडून मजकूर लिहून कोरवून घेतला, आणि हुकूम काढला की या परिसरातले हरिण कुणी मारू नये. त्याचे मांस हिंदूला गाईसारखे आणि मुसलमानाला डुकरासारखे निषिद्ध असेल. आज पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याला तो हिरन मिनार उभा आहे. १६०६-०७ च्या सुमाराचे हे काम. पुढे शाहजहानने तिथल्या बांधकामात भर घातली.

इथपर्यंत वाचताना मी खूश होतो. आमच्या पूर्वजांपैकी नव्हे, पण आमच्या भाषेतला, आमच्यासारखाच नमाजी-बेनमाजी, चुका करणारा, हरणावर जीव लावणारा बादशाह. आणि तैमूरच्या वंशातला. म्हणजे पुन्हा माझ्या पायापाशी येऊन थांबणारा.

मग राज्याच्या पाचव्या वर्षाची हकीकत आली. साल १६१० चे. जहाँगीर एका नीलगाईवर, आपण जिला रोही म्हणतो तिच्यावर, नेम धरून होता. जनावर गोळीच्या टप्प्यात आले होते. इतक्यात एक मोतद्दार आणि दोन कहार अचानक मध्ये आले. नीलगाय उधळली आणि निसटली. बादशाहाला संताप आवरेना. त्याने हुकूम दिला, मोतद्दाराला तिथेच ठार मारा, आणि दोन्ही कहारांच्या पायांच्या शिरा तोडून, त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवा, म्हणजे पुन्हा कुणाची अशी हिंमत होणार नाही. त्यानंतर तो घोड्यावर बसला आणि ससाणे घेऊन पुढच्या शिकारीला गेला.

हे सगळे त्याने स्वतः लिहिले आहे. कुणा शत्रूने लिहिलेले नाही.

उर्दूत पायाची मागची शीर तोडण्याला ‘कूंचें काटना’ म्हणतात. मी उर्दू शिकवतो. हा वाक्प्रचार मला माहीत होता. पण तोपर्यंत तो मला फक्त शब्दकोशात भेटला होता. ती शीर तुटली की पाऊल उचलत नाही, चालणे कायमचे संपते. आणि कहार म्हणजे कोण? आपल्या भाषेत भोई. पालखी वाहणारा. भोयाजवळ दोन गोष्टी असतात, खांदा आणि पाय. बादशाहाने त्यांतली एक काढून घेतली, आणि दुसरी तिच्यावाचून निरुपयोगी केली.

मी पुस्तक मिटले. इतकी वर्षे मी स्वतःला ज्यांच्या रांगेत बसवत होतो त्या रांगेतून मला त्या दिवशी उठावेसे वाटले. माझा पाय तैमूरच्या पायासारखा कधीच नव्हता. तैमूरला घोडा होता, फौज होती, त्याला पालखीतून नेणारे लोक होते. माझा पाय त्या दोन भोयांच्या पायासारखा होता. लंगडेपण सारखे नसते. कुणाच्या पायाशी ते येते यावर त्याचे सगळे पुढचे ठरते. तैमूरच्या लंगडेपणावर शास्त्रज्ञांनी कबर उघडून संशोधन केले. या दोघांची नावेही आपल्याकडे नाहीत. हरणाचे नाव आहे, मनसराज.

अबुल फजलने शिकारीचे समर्थन करताना लिहिले आहे की वरवर पाहणाऱ्याला शिकार म्हणजे मौज वाटते, पण बादशाह तिच्या निमित्ताने रयतेची हालहवाल समजून घेतो, वसुलीत जुलूम होतो का पाहतो, पीडितांना न्याय देतो. अकबराबद्दल ते काही अंशी खरेही असेल. पण १६१० च्या त्या दिवशी रयतेतले तीन लोक बादशाहाच्या अगदी जवळ आले होते. त्यांची हालहवाल अशी लागली.

जहाँगीर फक्त क्रूर होता असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. तो पश्चात्तापही जाणणारा होता. पन्नाशीला आल्यावर बंदुकीची शिकार सोडायची असे त्याने ठरवले होते, आणि नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने अल्लाशी वचन केले की आता आपल्या हाताने कुठल्याही जिवाला इजा करणार नाही. नातू बरा झाला. काही वर्षे त्याने वचन पाळलेही. हे नवसाचे वळण घराण्यातलेच. जहाँगीर आईच्या पोटात असताना एकदा त्याची हालचाल थांबली, तो शुक्रवार होता, आणि अकबराने शुक्रवारी चित्ता सोडून शिकार न करण्याचे व्रत घेतले होते. पण शाहजहान बापाविरुद्ध बंडाला उठला आणि त्या दुःखात जहाँगीरने बंदूक पुन्हा उचलली.

तोवर त्याचे शरीर मोडले होते. १६२० नंतर त्याला दम्याने गाठले. ‘तुझुक’मध्ये श्वास कोंडण्याची तक्रार येते, हकिमांची नावे येतात, त्यांच्यावरचा रागही येतो. हकिमांपेक्षा नूरजहाँच्या देखभालीवर त्याचा विश्वास जास्त. राज्याच्या सतराव्या वर्षी अशक्तपणा इतका वाढला की लेखणी धरवेना. पुढचे लिहिण्याचे काम त्याने मुतमदखानावर सोपवले. मैदानातला उन्हाळा सोसवत नाही म्हणून दरवर्षी काश्मीर गाठायचे असे ठरून गेले.

१६२७ ची काश्मीरची खेप शेवटची. आजार बळावला. मुतमदखान लिहितो की घोड्यावर बसण्याची ताकद उरली नव्हती, पालखीतून फिरावे लागे. चाळीस वर्षांची सोबतीण अफू, तिच्यावरचेही मन उडाले. द्राक्षाच्या दारूचे काही प्याले तेवढे उरले. शरद ऋतूत लवाजमा लाहोरकडे परत निघाला. आणि पीरपंजाल ओलांडताना बैरमकल्ल्याला, म्हणजे आजच्या पूंछ जिल्ह्यातल्या बहरामगल्याला, त्याला शिकारीची इच्छा झाली.

पालखीतल्या माणसाने शिकार कशी करायची? तीही सोय होती. डोंगराच्या पायथ्याशी बसण्याची जागा केलेली. गावकऱ्यांनी वर चढून हरणे हाकत कड्याच्या टोकाशी आणायची. ती नजरेच्या टप्प्यात आली की खालून बादशाहाने गोळी घालायची. गोळी लागलेले जनावर कड्यावरून गडगडत खाली येई. बादशाहाला जागचे हलावे लागत नव्हते. ज्याचे त्याला हलावे लागत होते ते वरच्यांना.

एक हरिण कड्याच्या कपारीशी येऊन उभे राहिले. खालून ते नीट दिसत नव्हते. त्याला पुढे ढकलण्यासाठी तिथला एक प्यादा पुढे सरकला. त्याचा पाय घसरला. त्याने एक झुडूप धरले. झुडूप मुळासकट उपटून आले. तो कड्यावरून खाली कोसळला आणि बादशाहाच्या डोळ्यांदेखत त्याचा चेंदामेंदा झाला.

जहाँगीर ते पाहून हादरला. शिकार थांबली. त्या प्याद्याची आई रडत आली. बादशाहाने तिला पैसे देऊन धीर दिला, पण त्याला स्वतःला धीर येईना. मृत्यूचा फरिश्ताच या रूपाने आपल्याला दिसून गेला असे त्याच्या मनाने घेतले. त्यानंतर त्याला चैन पडले नाही. पुढच्या मुक्कामांत प्रकृती ढासळत गेली. वाटेत त्याने प्याला मागितला, ओठाला लावला, पण घोट उतरला नाही. १६२७ च्या शरदातच वाटेवर त्याचे निधन झाले. वय ५८. लाहोरजवळ शाहदऱ्याला त्याची कबर आहे.

ही हकीकत मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी मी दोन गोष्टींपाशी अडतो. एक म्हणजे ती पालखी. १६१० मध्ये ज्याने भोयांचे पाय तोडायला लावले, तो १६२७ मध्ये भोयांच्या पायांवर पीरपंजाल उतरत होता. त्याला ते आठवले असेल का? त्याने लिहिले नाही. तेव्हा तो लिहीतही नव्हता. मी त्याच्या मनात काही घालू इच्छित नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ती आई. सतरा वर्षांपूर्वी मेलेल्या मोतद्दारालाही आई असेलच. तिला कुणी बोलावले नाही. मग या आईला का धीर दिला? दयेमुळे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, दया होतीच, पण ती आली कुठून? या वेळी बादशाह स्वतः पडलेला होता. त्याचा स्वतःचा श्वास त्याच्या हुकमात नव्हता. धडधाकट माणसाला वाटेत आलेला मोतद्दार हा अडथळा दिसला. दमेकरी माणसाला कड्यावरून पडणारा प्यादा हा माणूस दिसला. शरीर हरले की माज उतरतो, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. सगळ्यांचा उतरतो असेही नाही. आणि उतरला म्हणून तुटलेल्या शिरा जुळत नाहीत.

आता शिकार कायद्याने संपली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. मागे आमच्या शाळेची सहल तिथे नेली होती. मुले पुढे पळाली. मी आणि नववीतला एक मुलगा, त्याच्या पाठीला जन्मापासून दोष आहे, आम्ही दोघे मागे राहून बाभळीखाली बसलो. आणि आमचे नशीब असे की जे पुढे गेले त्यांना धूळ दिसली, आणि आमच्या समोर दोन काळे नर शिंगे भिडवून उभे राहिले. आम्ही हललो नाही. हलण्याची घाई आम्हा दोघांनाही नव्हती. शिंगांचा खटखट आवाज स्पष्ट ऐकू येत होता. थोड्या वेळाने एकाने माघार घेतली आणि तो हद्दीबाहेर निघून गेला. कुणाच्या शिंगाला फास नव्हता.

परतताना बसमध्ये मी त्या मुलाला मनसराजची गोष्ट सांगितली, मग भोयांची, मग त्या प्याद्याची. बराच वेळ तो गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘सर, त्या दोघा भोयांचं पुढे काय झालं?’’

मी म्हणालो, ‘‘लिहिलेलं नाही.’’

‘‘घरी कसे गेले असतील?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता. गाढवावरून छावणीभर फिरवून झाल्यावर कुणीतरी त्यांना उचलले असेल. दुसऱ्या भोयांनीच उचलले असेल, दुसरे कोण?

आता मी वर्गात ‘तैमूर’ असेच म्हणतो. पुढचे दोन अक्षरांचे शेपूट लावत नाही. एखाद्याने विचारलेच तर अर्थ सांगतो, आणि लगेच त्या दोन भोयांची गोष्ट सांगतो. मग तास संपेपर्यंत कुणी मागे वळून कुणाच्या पायाकडे पाहत नाही.